मामाची मांडी, वस्तऱ्याची धार आणि एक 'नाही'

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे लहान मुलांचे केस कापणं. हो, एवढाच. गेल्या भागात गोंड राजांचे किल्ले आणि या भागात कटिंग, असं म्हणाल. पण दहा मिनिटं थांबा. या एवढ्याशा गोष्टीत आपला बराच इतिहास अडकून बसलाय, केसांत च्युइंगम अडकावं तसा.

सुरुवात घरापासून करतो, कारण मी या विषयाकडे वळलो तोच घरामुळे.

माझ्या भाच्याचं जावळ काढलं तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, ही आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. चैत्र महिना होता, चंद्रपूरचं ऊन, आणि ताईच्या सासरच्यांनी महाकालीला जावळ द्यायचं ठरवलं होतं. यात्रेची गर्दी, ढोल, नारळ, धूर. न्हावीदादांनी वाटीतलं पाणी त्याच्या डोक्याला लावलं आणि पोरगं जे किंचाळलं, ते शेवटपर्यंत थांबलं नाही. त्या दिवसाचा एक फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. त्यात सगळे हसतायत. मी पण हसतोय. आणि नीट बघितलं तर दिसतं, मी त्याचे दोन्ही हात मनगटापाशी घट्ट धरून ठेवलेत.

सगळीच लेकरं रडतात, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तो चार वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, मला तो शब्द फारसा पटत नाही, कारण हा पोरगा स्वतःत मग्न वगैरे काही नाही, उलट आजूबाजूचं सगळं त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, जास्त टोचतं. तोवर त्याची प्रत्येक कटिंग म्हणजे चार माणसांचं काम झालं होतं. एक जण डोकं धरणार, एक हात, एक पाय, आणि चौथा कापणार. मग एका सलूनवाल्यानं सांगितलं, याला पुन्हा आणू नका, बाकीच्या गिऱ्हाइकांना त्रास होतो. ताई काही बोलली नाही. घरी आली, त्याच्या अर्ध्या कापलेल्या डोक्यावर टोपी घातली आणि स्वयंपाकाला लागली.

त्या रात्री मी शोधायला बसलो. म्हटलं, लेकरांच्या डोक्याला कात्री लावणं ही काय आजची गोष्ट आहे का? आधीच्या लोकांनी याचं काय केलं?

पहिलं जे सापडलं, त्यानं मी उडालोच. आश्वलायन गृह्यसूत्र नावाचा ग्रंथ आहे, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा. घरातले विधी कसे करायचे याची ती जवळजवळ मॅन्युअल आहे. त्यात चौल, म्हणजे मुलाचे पहिल्यांदा केस कापण्याचा विधी दिलाय, साधारण तिसऱ्या वर्षी. आता आपल्याला वाटतं की विधी म्हणजे मंत्र, होम, दक्षिणा. पण या विधीचं वर्णन वाचताना मला सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्यानं एखादं रडणारं पोरगं जवळून पाहिलंय. मूल कुठं बसवायचं? आईच्या मांडीवर. पाणी कसं घ्यायचं? बाप गार आणि गरम पाणी एकत्र ओततो, कोमट करून. डोकं कशानं भिजवायचं? त्याच पाण्यानं, आणि सोबत लोणी किंवा दही. मग केसांवर दर्भाच्या काड्या ठेवतात आणि त्या गवताला सांगतात, याला सांभाळ. आणि तांब्याच्या पात्याला उद्देशून म्हणतात, याला इजा करू नकोस.

म्हणजे बघा, पात्याशी बोलायचं! मुलाला 'रडू नको' म्हणायचं नाही, पात्याला 'लागू देऊ नको' म्हणायचं. आणि सगळं झाल्यावर न्हाव्याला वेगळी सूचना आहेच, की कोमट पाणी वापर, जखम न करता नीट कर.

आता उगाच गौरव करायला नको. हे सगळं वरच्या वर्णांतल्या मुलांसाठी होतं, आणि मुलींच्या वेळी हाच विधी मंत्रांशिवाय उरकायचा, असं त्याच ग्रंथात आहे. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. लेकराला यात भीती वाटणार हे तिथं गृहीत धरलेलं आहे. उबदार मांडी, कोमट पाणी, हळू हात. यातलं एकही 'लाड' म्हणून टाकून दिलेलं नाही.

पुढे ती मांडी आपल्याकडे मामाची झाली, आणि पातं न्हाव्याच्या हातात कायमचं गेलं.

न्हावी म्हटलं की आज आपल्याला फिरती खुर्ची, समोर-मागे आरसे आणि भिंतीवर हिरोंचे फोटो आठवतात. आजोबांना विचारा, त्यांना अंगण आठवेल. बलुतेदारीत गावचा न्हावी घरी यायचा. काखेत धोकटी. त्यात वस्तरा, कात्री, चिमटा, पाण्याची वाटी, धार लावायचा चामड्याचा पट्टा, छोटा आरसा. पैसे दर वेळी नाहीत, खळ्यावर धान्य मिळायचं. ब्रिटिश अधिकारी रसेल आणि त्यांचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता, आणि गडचिरोली त्याच्या पोटात. वेगळा जिल्हा झाला तो थेट १९८२ ला. त्या ग्रंथात नाई या नोंदीत या समाजाची नावं दिलीत. त्यात मराठी मुलखातलं 'म्हाली' आहे आणि तेलुगू बोलणाऱ्यांतलं 'मंगला'. सिरोंचाकडच्या मित्रांना दुसरं नाव ओळखीचं वाटेल, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या आज्यांच्या तोंडी पहिलं नाव अजून असतं. त्याच नोंदीत न्हावी जखमा बघायचा, सोयरिकी जुळवायचा, असंही आहे.

हे मी का सांगतोय? कारण त्या पद्धतीत लेकराच्या डोक्याला हात लावणारा माणूस परका नव्हता. त्यानंच बापाची दाढी केलेली, आजोबांची केलेली, घरातल्या मयतीलाही तोच आलेला. पोरगं रांगत असल्यापासून दर पंधरा दिवसांनी तो अंगणात बसलेला दिसायचा. वस्तरा चामड्यावर घासल्याचा आवाज कानाला सवयीचा. त्यामुळं एक दिवस आपली पाळी आली तरी जागा तीच, माणूस तोच, आवाज तोच. आज थेरपिस्ट ज्याला 'आधी ओळख करून द्या, मग हात लावा' म्हणतात, ते त्या अंगणात फुकटात होत होतं.

भामरागड-एटापल्लीच्या आतल्या जंगलात मात्र ही बलुत्याची घडी तशी कधी बसलीच नाही. तिथं केसांची काळजी आपलीच माणसं घ्यायची. शेजारच्या बस्तरमधल्या मुरिया गोंडांच्या घोटुलवर व्हेरियर एल्विन यांचा १९४७ चा मोठा ग्रंथ आहे. त्यात लाकडी फण्यांना किती महत्त्व आहे ते वाचण्यासारखं आहे. पोरं स्वतः कोरून फण्या करायची आणि पोरींना द्यायची. कुणाच्या केसांना हात लावायचा म्हणजे जवळीक लागते, ही समज त्या फणीतच आहे. असो, हा वेगळ्या भागाचा विषय आहे, कुणी कमेंटमध्ये आठवण करा.

तर अंगणाबद्दल मी एवढा वेळ छान-छान बोललो. आता त्याच्या बाहेर उभं राहून बघू.

साताऱ्यातलं एक घर. साल १९०० च्या आसपास. वडील लष्करातून निवृत्त झालेले, आई वारलेली. घरात पैसे आहेत. गावात न्हावी आहेत. तरी घरातल्या पोरांचे केस मोठी बहीण कापते, कारण हे घर महाराचं आहे आणि गावातला एकही न्हावी या पोरांच्या डोक्याला हात लावायला तयार नाही. त्या पोरांतला एक म्हणजे भीमराव. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहिलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणीत. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेली ही आठवण पुस्तक म्हणून पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० मध्ये छापली. त्यात ते सांगतात की आमच्यावर सराव करून करून बहीण चांगली पटाईत न्हावी झाली होती.

हे वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. त्यात थोडा विनोद आहे, तुमच्या लक्षात आलं असेल. पण मला ती बहीण दिसत राहिली. स्वतः लहानच. हातात कात्री. पहिल्या पहिल्या वेळी किती वाकडंतिकडं कापलं गेलं असेल, भाऊ किती वैतागला असेल, शाळेत पोरं काय म्हणाली असतील. ती कधी शिकायला गेली नव्हती. नकार मिळाला म्हणून शिकली. आणि त्या पोरांना फार लहानपणी कळून चुकलं की आपलं डोकं काही लोकांना हात लावण्यालायक वाटत नाही.

हाच भीमराव १६ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या चंद्रपुरात आला होता. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबरची, सगळ्या जगाला माहीत आहे. दोनच दिवसांनी चांद्याला दुसरा सोहळा झाला, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी पुढाकार घेतला होता. आपण दर वर्षी १५-१६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जातो, गर्दीत हरवतो, पुस्तकं घेतो, घरी येतो. या वर्षी तिथं उभा होतो तेव्हा मला भाषणं कमी आणि ती साताऱ्यातली कात्रीच जास्त आठवत होती. त्या मैदानात १९५६ ला बसलेल्या किती आयांनी, किती बहिणींनी घरीच केस कापले असतील!

कायद्यानं पुढं काय केलं ते पटकन सांगतो. १९५० च्या राज्यघटनेत कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, आणि कलम १५ मध्ये दुकानांत कुणाला जात-धर्मावरून अडवता येणार नाही असं आलं. १९५५ च्या कायद्यात तर सेवा नाकारणं हा गुन्हाच ठरवला. सेवा, म्हणजे कटिंगसुद्धा. गावागावांत ते किती उतरलं, हे तुम्ही तुमच्या आजी-आजोबांना विचारा, मी इथून सांगण्यापेक्षा ते जास्त खरं असेल.

आता याच्या अगदी उलटी गोष्ट. इथं न्हाव्यानं नकार दिला, आणि बरं केलं.

एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि काही इतर जातींत विधवेचं केशवपन करायची रूढ होती. विधवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं म्हातारी बाई येते. पण लग्नंच सात-आठ वर्षांच्या वयात होत होती, तर विधवा किती वर्षांच्या असणार? महर्षी कर्व्यांशी १८९३ मध्ये ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, आठव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. आठव्या! तिसरीतली मुलगी. अशा मुली वयात आल्या की घरचेच न्हाव्याला बोलावायचे. तिची संमती कोण विचारतो? चार बायका धरायच्या.

चार जण धरायचे. हे लिहिताना मला आमचं सलून आठवलं. तुलना थोडी जड आहे, मला कळतंय. रूढीचं क्रौर्य आणि ताईची हतबलता एक नाही. पण धरलेल्या लेकराच्या बाजूनं बघितलं तर त्या क्षणी फरक कितीसा असेल?

तर १८९० साली मुंबईत एक सभा झाली. बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, जोतिराव फुल्यांचे सहकारी, ज्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. 'दीनबंधू' पत्र तेच चालवायचे. सभेला जमले होते न्हावी. आणि त्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही.

जरा विचार करा हे काय होतं. सभेला आलेले लोक वकील नव्हते, प्रोफेसर नव्हते. समाजात त्यांना मान होता असंही नाही. ज्यांच्या घरी हे काम असायचं ते शहाणे-सुरते, पैशानं आणि जातीनं वरचे. त्यांना नाही म्हणायचं म्हणजे गिऱ्हाईक गमवायचं, आणि शिव्या खायच्या त्या वेगळ्या. सुधारकांचे लेख, व्याख्यानं, वाद सगळं चालूच होतं, पण वस्तरा ज्याच्या हातात होता तो म्हणाला, हे काम मी करणार नाही. रूढी त्या दिवशी संपली का? नाही. पुढं कित्येक वर्षं केशवपन होत राहिलं. जोतिराव त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. तरी मला हा प्रसंग आपल्या शाळेच्या पुस्तकात अर्धं पान तरी हवा होता.

दोन नकार झाले. एक न्हावी म्हणतो, या लेकराला हात लावणार नाही कारण ते खालचं आहे. दुसरा म्हणतो, या लेकराला हात लावणार नाही कारण तिला ते नकोय. शब्द तेच, 'नाही'. पण पहिल्यात लेकरू दिसतच नाही, आणि दुसऱ्यात पहिल्यांदा कुणालातरी ते दिसतंय.

तिसरा नकार खुद्द लेकराचा. त्याची नोंद इतिहासात फारच कमी सापडते, कारण लेकरं लिहीत नाहीत. एक सापडली ती लांबची आहे, अमेरिकेतली. झिटकाला-शा नावाची यँक्टन डकोटा जमातीची मुलगी १८८४ मध्ये, आठ वर्षांची असताना इंडियाना राज्यातल्या एका मिशनरी निवासी शाळेत नेली गेली. मूळ अमेरिकन मुलांना 'सुधारायच्या' शाळा होत्या त्या. पहिल्याच दिवसात कळलं की सगळ्यांच्या वेण्या कापणार. तिच्या लोकांत केस कापणं म्हणजे एक तर घरात मरण झालं, नाही तर तुम्ही भित्रे ठरलात. ती गुपचूप वर गेली आणि एका खोलीत पलंगाखाली लपली. शोधून ओढून काढलं, खुर्चीला बांधलं आणि वेणी कापली. मोठी झाल्यावर तिनं हे १९०० साली 'अटलांटिक मंथली' मासिकात लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे. आपल्या भागातल्या आश्रमशाळांशी याची थेट तुलना मी करत नाहीये, तिथं जीव लावून काम करणारे शिक्षक मी पाहिलेत. पण निवासी शाळेत पहिल्या आठवड्यात रांग लावून सगळ्यांचे केस बारीक करतात, तेव्हा जंगलातल्या पाड्यावरून आलेल्या सहा वर्षांच्या पोराला ते काय वाटत असेल, हा प्रश्न तिचा लेख वाचल्यावर डोक्यातून जात नाही.

आता आपल्या काळात येऊ.

अंगण गेलं, दुकान आलं. वस्तऱ्याच्या जागी मशीन आलं. आधी हातानं दाबायचं, जे केस ओढायचं, आठवतंय का, मानेला चिमटा बसायचा. मग विजेचं. अमेरिकेत लिओ वॉल नावाच्या माणसानं १९२० च्या आगेमागे ते बाजारात आणलं, आजही त्याच्या नावाचं मशीन सलूनमध्ये दिसतं. मोठ्यांची सोय झाली, दोन मिनिटांत काम. पण लेकराच्या बाजूनं बघा. कानाला लागून घर्रर्र, कवटीत उतरणारी थरथर, गळ्याला आवळलेला नायलॉनचा कपडा, अचानक तोंडावर पाण्याचा फवारा, मानेत बारीक केसांची खाज, पावडरचा वास, वर टीव्हीवर गाणी, समोर आरसा आणि मागेही आरसा, म्हणजे आपलीच दहा डोकी. लहान पोरांसाठी खुर्चीच्या दांड्यांवर आडवी फळी टाकतात, तिच्यावर पाय लोंबकळत. आपल्याला यातलं काहीच जाणवत नाही, कारण आपला मेंदू ते गाळून टाकतो. काहींचा गाळत नाही.

हे डॉक्टरांना समजायलाही वेळ लागला. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर लेख लिहून ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन केलं. कॅलिफोर्नियात जीन आयर्स नावाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट १९६० आणि ७० च्या दशकांत सांगत होत्या की काही मुलांना साधा स्पर्शही धोक्यासारखा लागतो, हा हट्ट नाही, मेंदू ती जाणीव वेगळ्या पद्धतीनं घेतो. तरी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकात, आवाज-स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं हे ऑटिझमचं एक लक्षण म्हणून आलं ते २०१३ मध्ये. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत होता!

आपल्या कायद्याचंही तसंच. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. कुष्ठरोगातून बरे झालेले त्यात होते, ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझमचं नाव आलं आणि २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत ते बसलं. कुष्ठरोगाचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या जिल्ह्यात 'ज्याला कुणी हात लावत नाही तो माणूस' म्हटलं की वरोऱ्याचं आनंदवन आठवणारच. बाबा आणि साधनाताई आमटे १९५१ मध्ये सहा रुग्ण, दोन लहान मुलं आणि एक लंगडी गाय घेऊन तिथं गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यांनी पिकवलेली भाजी घ्यायलाही सुरुवातीला गाव तयार नव्हतं, हे जरा कमी ऐकतो. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा तो गाव आणि 'याला पुन्हा आणू नका' म्हणणारं आजचं सलून, यांत भीतीची जात एकच आहे असं मला वाटतं. काय आहे ते माहीत नाही, म्हणून लांब.

सलूनवाल्याची बाजू पण सांगतो, नाही तर अन्याय होईल. हातात धारदार वस्तू आहे, पोरगं मान झटकतंय, कानाला लागलं तर जबाबदार कोण? रविवारची गर्दी, एका कटिंगला पंधरा मिनिटं धरली तर हे चाळीस मिनिटांचं काम, पैसे तेवढेच. आणि त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही.

तर आमच्या घरी पुढचं वर्ष-दीड वर्ष साताऱ्याच्या त्या घरासारखंच गेलं. ताईनं कात्री घेतली. आधी तो झोपल्यावर कापून बघितलं. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा तो दचकून उठला आणि मग कित्येक रात्री झोपायलाच घाबरायचा. तो मार्ग बंद. झोपेत कापू नका, हा आमचा अनुभव, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. मग थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं तसं उलट केलं. आठवडाभर नुसती कात्री दाखवायची, हवेत चालवायची, कटकट आवाज ऐकवायचा, त्याला बाहुलीचे केस कापू द्यायचे, आणि त्याच्या केसाला हात नाही लावायचा. गळ्याभोवती नायलॉनचा कपडा नाही, बापाचा जुना सुती शर्ट उलटा घालायचा. पाण्याचा फवारा बंद, ओल्या हातानं कोमट पाणी. कोमट पाणी! मी ताईला आश्वलायनाचं सांगितलं तर ती म्हणाली, त्याच्या बायकोनं सांगितलं असेल त्याला.

पण ताईला सगळं कापता येईना, मागचं तर नाहीच. शेवटी मी आमच्या चौकातल्या न्हावीदादांकडे गेलो, माझी दाढी तेच करतात. मी गर्दी नसताना गेलो आणि सगळं सांगितलं, चारजणांचं धरणं, टोपी, सगळं. ते वस्तरा पुसत ऐकत होते.

"सोमवारी आणा ना पोराले," ते म्हणाले.

सोमवारी सलून बंद असतात, तुम्हाला माहीत आहे. मी तसं म्हणालो.

"म्हून तं म्हणतो. शटर अर्धं पाडून बसू. मशीन नाही लावत, टीव्ही नाही लावत. कायचं टेन्शन घेता भाऊ."

पहिल्या सोमवारी केस कापलेच नाहीत. भाचा दुकानात फिरला, खुर्ची गोल फिरवून पाहिली, आरशावर हात फिरवला. दादांनी आरशावर टॉवेल टाकला तेव्हा तो थोडा निवला. दुसऱ्या सोमवारी तो माझ्या मांडीवर बसला, फळीवर नाही. दादांनी त्याला एक खूण शिकवली. हात वर केला की कात्री थांबणार. त्यानं लगेच हात वर केला. कात्री थांबली. पुन्हा केला, पुन्हा थांबली. अकरा-बारा वेळा त्यानं नुसती परीक्षा घेतली, आणि दादा दर वेळी थांबले. मी माझे हात माझ्या गुडघ्यांवर ठेवले होते. मनगट धरायची सवय जायला मलाच वेळ लागला.

त्या दिवशी उजवी बाजू झाली. डावीकडे येताच हात वर झाला आणि खाली आलाच नाही. "बास आजच्याले," दादा म्हणाले. आठ दिवस पोरगं एका बाजूनं कापलेल्या केसांनी शाळेत गेलं. ताईनं टोपी दिली नाही.

त्याच दिवशी निघताना मी दादांना १८९० च्या सभेचं सांगितलं. लोखंडे, विधवा, मुंबईचे न्हावी. ते कात्री ठेवता ठेवता थांबले.

"आमच्या लोकायनं असं केलतं? मले तं कोणी सांगलंच नाही."

पुढच्या सोमवारी डावी बाजू झाली. आता दर पाच-सहा आठवड्यांनी आम्ही जातो, शटर अर्धं पाडलेलं असतं, आणि रस्त्यावरून जाणारा कुणीतरी वाकून विचारतोच, दादा चालू आहे का. दादा आतून ओरडतात, बंद आहे.